ताराबाई शिंदे

ताराबाई शिंदे (इ.स. १८५० – इ.स. १९१०) या एकोणिसाव्या शतकातील मराठी लेखिका होत. वऱ्हाडातील बुलढाणा येथे राहणाऱ्या ताराबाईंनी इ.स. १८८२ मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' हा निबंध पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. पती आणि पत्नी, विधवा आणि तिचे कुटुंब, स्त्री आणि समाज या नात्यांचा माणसाच्या आयुष्यावर कोणता परिणाम होतो, याची रोखठोक चिकित्सा या निबंधात आढळते. स्त्रीच्या अंगी दिसणारे दोष तिच्या जन्मजात स्वभावाचे आहेत की तिला ज्या नात्यांत जखडून ठेवले जाते त्यांतून ते निर्माण होतात, हा या ग्रंथाचा गाभ्याचा प्रश्न आहे. भारतीय स्त्रीने लिहिलेल्या स्त्रीवादी स्वरूपाच्या आरंभीच्या लेखनात त्याची गणना होते. त्यांच्या नावावर हे एकच पुस्तक आहे.

जन्म व कौटुंबिक पार्श्वभूमी

ताराबाईंचा जन्म इ.स. १८५० मध्ये बुलढाणा येथे एका मराठा कुटुंबात झाला. त्यांच्या वडिलांचे नाव बापूजी हरी शिंदे. ताराबाईंना चार भाऊ होते; त्या आईवडिलांची एकुलती एक मुलगी होत्या. त्यांच्या बालपणी, इ.स. १८५३ मध्ये, हैदराबादच्या निजामाने वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या कारभाराखाली दिला. अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेले, थंड हवेचे बुलढाणा हे गाव प्रशासनाचे ठाणे झाले. तेथे कचेऱ्या आल्या आणि कचेऱ्यांबरोबर लिहिता-वाचता येणाऱ्या नोकरदारांचा एक लहानसा वर्ग गावात स्थिरावला. बापूजी शिंदे याच वर्गातील होते. ते डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते.

बापूजी हे पुरोगामी विचारांचे गृहस्थ होते. इ.स. १८७१ मध्ये त्यांनी 'हिंट टू द एज्युकेटेड नेटिव्हज' या नावाचे पुस्तक प्रसिद्ध केले. महात्मा जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाशी शिंदे कुटुंबाचा संबंध होता. देव आणि माणूस यांच्यामध्ये मध्यस्थाची गरज नाही आणि जन्मावरून कोणी श्रेष्ठ अथवा कनिष्ठ ठरत नाही, ही या समाजाची शिकवण होती. ती या घरात रुजली होती.

शिक्षण

ताराबाईंच्या बालपणी त्या भागात मुलींची शाळा नव्हती. पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी इ.स. १८४८ मध्ये मुलींची शाळा सुरू केली होती. तिच्यापासून निघालेल्या शिक्षणाच्या प्रवाहातूनच मुक्ता साळवे हिच्यासारखी विद्यार्थिनी तयार झाली आणि इ.स. १८५५ मध्ये तिचा निबंध 'ज्ञानोदय' पत्रात छापला गेला. वऱ्हाडातील मुलीला असा मार्ग खुला नव्हता. बापूजींनी आपल्या मुलीला घरीच मराठी, संस्कृत आणि इंग्रजी या तीन भाषा शिकविल्या. ताराबाईंची शाळा म्हणजे त्यांचे घर आणि त्यांचे शिक्षक म्हणजे त्यांचे वडील होत.

या घरगुती शिक्षणाचा ठसा त्यांच्या लेखनावर स्पष्ट दिसतो. पुराणकथा, संस्कृत सुभाषिते, समकालीन मराठी कादंबऱ्या आणि नाटके यांचा त्यांचा परिचय चांगला होता. वर्तमानपत्रे त्या बारकाईने वाचत. मात्र हे सर्व ज्ञान त्यांनी मराठा घराण्यातील स्त्रीला पाळाव्या लागणाऱ्या मर्यादांच्या आत राहून मिळविले. आपण घराच्या चार भिंतींत कोंडलेल्या स्त्री असून हा आपला पहिलाच प्रयत्न आहे, असे त्यांनी ग्रंथाच्या प्रस्तावनेतच नमूद केले आहे.

विवाह

ताराबाईंचा विवाह तत्कालीन रीतीप्रमाणे लहान वयात झाला. त्यांचे पती शिंदे यांच्या घरी घरजावई म्हणून राहिले. त्यामुळे सासरी जाणाऱ्या मुलीच्या वाट्याला येणारी सासू-नणंदांची सत्ता, कामाचा बोजा आणि पुस्तकांपासूनची ताटातूट त्यांच्या वाट्याला आली नाही. बहुसंख्य स्त्रियांपेक्षा त्यांना घरात अधिक मोकळीक होती. या दांपत्याला अपत्य नव्हते. अपत्य नसलेल्या स्त्रीकडे त्या काळचा समाज कोणत्या नजरेने पाहत असे, हे लक्षात घेतले म्हणजे त्यांच्या लेखनातील धार केवळ पुस्तकी नाही, हे ध्यानात येते.

विजयालक्ष्मी खटला

'स्त्री-पुरुष तुलना' या ग्रंथाचे निमित्त बुलढाण्यापासून दूर, गुजरातेत घडले. सुरत जिल्ह्यातील विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेवर आपल्या नवजात अर्भकाची हत्या केल्याचा आरोप ठेवण्यात आला. इ.स. १८८१ मध्ये सुरतच्या सत्र न्यायालयाने तिला फाशीची शिक्षा ठोठावली. अपिलात मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द करून काळ्या पाण्याची शिक्षा दिली.

हा खटला एका स्त्रीपुरता मर्यादित राहिला नाही. विधवाविवाहास कायद्याने इ.स. १८५६ मध्येच मान्यता दिली होती. परंतु उच्चवर्णीय समाजात असा विवाह करणाऱ्या स्त्रीला वाळीत टाकले जाई. विधवेला दिवस गेले तर तिच्यापुढे अब्रू घालविणे, जीव देणे किंवा मूल नाहीसे करणे एवढेच पर्याय उरत. फुले दांपत्याने याच कारणासाठी इ.स. १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले होते आणि तेथे जन्मलेल्या एका ब्राह्मण विधवेच्या मुलाला, यशवंतला, दत्तक घेतले होते. विजयालक्ष्मीच्या खटल्याने हा प्रश्न पुन्हा वर्तमानपत्रांत आला. पुण्यातील 'पुणेवैभव' या सनातनी वळणाच्या पत्राने विजयालक्ष्मीच्या निमित्ताने एकंदर स्त्रीजातीवरच टीका केली आणि नव्या काळातील स्त्रिया स्वैर झाल्या आहेत असा सूर लावला.

वऱ्हाडातून लोहमार्ग जाऊन तेव्हा फारशी वर्षे लोटली नव्हती. मलकापूरला आगगाडी येत असली तरी बुलढाणा हे घाटावरील गाव त्या मार्गापासून दूर होते. तरीही पुण्यात छापलेले पत्र तेथे पोहोचले आणि एकतीस वर्षांच्या ताराबाईंनी त्याला उत्तर देण्यासाठी लेखणी उचलली.

'स्त्री-पुरुष तुलना'

हा ग्रंथ इ.स. १८८२ मध्ये पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापला गेला. त्याच्या ५०० प्रती काढण्यात आल्या आणि किंमत नऊ आणे ठेवण्यात आली. स्त्रिया आणि पुरुष यांच्यात खरे साहसी कोण, हे दाखवून देणे हा त्याचा हेतू ग्रंथाच्या पूर्ण शीर्षकातच सांगितला आहे. येथे साहस या शब्दाचा अर्थ आज रूढ असलेला धाडस हा नसून अविचारी किंवा नीतीची चाड न बाळगणारे कृत्य असा आहे. आजच्या वाचकाने हा अर्थभेद लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

ग्रंथाची मांडणी प्रकरणवार नाही. तो एकसलग निबंध असून बराचसा पुरुषवाचकाला उद्देशून लिहिलेला आहे. भाषा घरगुती बोलण्याच्या वळणाची, म्हणी आणि उपहास यांनी भरलेली आहे. ईश्वराला उद्देशून केलेली तक्रार, पुरुषाला विचारलेले प्रश्न आणि स्त्रियांना केलेला उपदेश असे तिन्ही सूर त्यात एकमेकांत मिसळतात.

नात्यांची चिकित्सा

संस्कृत सुभाषितांत स्त्रीवर लावलेल्या दोषांची एक यादीच आढळते. ती संशयाचा भोवरा आहे, उद्धटपणाचे घर आहे, अविचारी कृत्यांचे नगर आहे, कपटाने भरलेली आहे, असे हे आरोप आहेत. ताराबाई हे आरोप एकेक करून हाती घेतात आणि प्रत्येकाबाबत दोन प्रश्न विचारतात. हा दोष पुरुषात नाही काय, हा पहिला प्रश्न. तो स्त्रीत असल्यास कोणाच्या वागणुकीमुळे आला, हा दुसरा. या दुसऱ्या प्रश्नामुळे त्यांचे लेखन केवळ प्रत्युत्तर न राहता विवेचन बनते.

अज्ञानाच्या आरोपाचे उदाहरण यासाठी पुरेसे आहे. स्त्रीला शिक्षण द्यायचे नाही, घराबाहेरचे जग दिसू द्यायचे नाही आणि मग तिला अविचारी म्हणून हिणवायचे, यातील विसंगती त्या उघड करतात. अपराधांच्या बाबतीत त्या वाचकाला तुरुंगांकडे पाहायला सांगतात. दरोडे, खोटे दस्तऐवज, लाचखोरी, विषप्रयोग आणि फितुरी या गुन्ह्यांसाठी तेथे कोण खितपत पडले आहेत, असा त्यांचा सवाल आहे.

पती-पत्नीच्या नात्याविषयी त्यांचा मुद्दा परस्परतेचा आहे. पती हा पत्नीचा देव असेल तर त्याने देवासारखे वागले पाहिजे. भक्ती एकाने करायची आणि दुसऱ्याने वाटेल तसे वागायचे, हे नाते टिकू शकत नाही. सावित्रीने पतीसाठी यमाचा पाठलाग केला, पण पत्नीसाठी यमाच्या दारापर्यंत गेलेला एखादा पती कोणत्या पुराणात आहे, असे त्या विचारतात. पत्नी वारल्यावर पुरुष लगेच दुसरा विवाह करतो. पती वारल्यावर स्त्रीचे केस काढले जातात, अलंकार उतरविले जातात आणि मंगलकार्यात तिचे तोंड दिसणे अशुभ मानले जाते. मृत्यू दोघांचाही सारखाच असताना पत्नी गमावलेल्या पुरुषाने दाढीमिशा काढून रानात का जाऊ नये, हा त्यांचा उपरोधिक प्रश्न प्रसिद्ध आहे.

विधवेच्या पतनाविषयीचे त्यांचे विवेचन थेट विजयालक्ष्मीच्या खटल्याशी जोडलेले आहे. अशा प्रसंगी एक पुरुष असतोच. पहिले पाऊल बहुधा त्याचेच असते आणि गोड बोलून वश करणाराही तोच असतो. परिणाम दिसू लागताच तो बाजूला होतो आणि लोकनिंदा, गर्भाचे ओझे, न्यायालय व शिक्षा हे सर्व एकट्या स्त्रीच्या वाट्याला येते. ज्या समाजाने तिला विवाहाचा मार्ग बंद केला तोच समाज न्यायाधीशाच्या जागी बसतो. अर्भकहत्येचे समर्थन न करता तिच्यामागील नात्यांची साखळी दाखविणे, हे ताराबाईंनी साधले आहे.

विधवाविवाहाची बंदी ही केवळ ब्राह्मणांपुरती राहिली नाही, हेही त्यांनी नोंदविले. प्रतिष्ठेच्या मोहाने इतर जातींतील घराणीही ती चाल उचलत होती आणि रोगाच्या साथीप्रमाणे ती पसरत होती. स्वतःच्या जातीतील कुलीनपणाच्या कल्पनांनाही त्यांनी टीकेतून वगळले नाही. पैशासाठी कोवळ्या मुलीला म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधणे आणि एका पुरुषाने अनेक बायका करणे, या चालींवरही त्यांनी कठोर शब्दांत प्रहार केले.

साहित्य व पुराणे यांवरील टीका

स्त्रीविषयीचे समज कोठून येतात, याचा शोध ताराबाईंनी वाङ्मयातही घेतला. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' (इ.स. १८६१) आणि नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' (इ.स. १८६८) या तेव्हाच्या लोकप्रिय कादंबऱ्या, तसेच 'मनोरमा' हे नाटक यांचा त्या उल्लेख करतात. अशा पुस्तकांतून रंगविलेल्या स्त्रिया आणि प्रत्यक्ष घरात नांदणाऱ्या स्त्रिया यांत काहीच मेळ नाही, हा त्यांचा आक्षेप आहे. पुराणांतील देव आणि ऋषी यांच्या वर्तनाचीही त्यांनी छाननी केली. स्त्रीधर्माचे नियम सांगणाऱ्यांनी स्वतः ते पाळले होते काय, हे तपासण्याचा हक्क वाचकाला आहे, अशी त्यांची भूमिका होती. स्त्रीच्या दृष्टीतून केलेली मराठी साहित्याची समीक्षा म्हणून हा भाग आज आवर्जून वाचला जातो.

सुधारकांवरील टीका

ताराबाईंनी केवळ सनातन्यांनाच धारेवर धरले नाही. इंग्रजी पोशाख, बूट आणि खाणेपिणे स्वीकारून स्वतःची चाल बदलणाऱ्या, परंतु घरातील स्त्रीसाठी मात्र जुने नियम जसेच्या तसे ठेवणाऱ्या सुशिक्षितांचा त्यांनी समाचार घेतला. सभा भरतात, भाषणे होतात, विधवेच्या स्थितीत फरक पडत नाही, ही त्यांची तक्रार होती. बेहरामजी मलबारी यांची बालविवाह व सक्तीच्या वैधव्यावरील टिपणे इ.स. १८८४ मध्ये आली, रखमाबाईंचा खटला त्यानंतर गाजला आणि संमतिवयाचा कायदा इ.स. १८९१ मध्ये झाला. ताराबाईंचा ग्रंथ या सर्वांच्या आधीचा आहे.

वैचारिक वैशिष्ट्ये व मर्यादा

इंग्लंडमध्ये जॉन स्टुअर्ट मिल यांचा 'द सब्जेक्शन ऑफ विमेन' हा ग्रंथ इ.स. १८६९ मध्ये प्रसिद्ध झाला होता. मिल यांचे विवेचन कायदा व राज्यव्यवस्था यांच्या अंगाने जाते. ताराबाईंचे विवेचन माजघरातून सुरू होते. पुण्यात इ.स. १८८२ मध्येच पंडिता रमाबाई यांचे 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक आले. रमाबाईंचे ते पुस्तक स्त्रीने स्वतःला कसे घडवावे हे सांगते, तर ताराबाईंचा रोख पुरुषाच्या वर्तनावर आहे.

त्यांच्या विचारांना काळाच्या मर्यादाही आहेत. पातिव्रत्याचा आदर्श त्यांनी नाकारला नाही. तो दोघांनाही सारखाच लागू असावा, एवढीच त्यांची मागणी होती. वेश्याव्यवसायातील स्त्रियांविषयी त्यांची भाषा कठोर आहे. त्या स्त्रियांच्या परिस्थितीला त्यांनी विधवेच्या परिस्थितीइतकी सहानुभूती दाखविली नाही. इंग्रजी राज्यात स्त्रीशिक्षण सुरू झाले याबद्दल त्या सरकारविषयी कृतज्ञता व्यक्त करतात. या मर्यादा लक्षात घेऊनच अभ्यासक त्यांच्या कार्याचे मूल्यमापन करतात.

समकालीन प्रतिसाद

ग्रंथाचे स्वागत फारसे अनुकूल झाले नाही. एका स्त्रीने, तेही नाव घालून, पुरुषांना असे जाब विचारावेत हे अनेकांना रुचले नाही. जोतीराव फुले हे मात्र त्यांच्या पाठीशी ठामपणे उभे राहिले. इ.स. १८८५ मध्ये निघालेल्या 'सत्सार'च्या दुसऱ्या अंकात त्यांनी ताराबाईंचा उल्लेख लेकीच्या मायेने केला, ग्रंथाची प्रशंसा केली आणि आपल्या सहकाऱ्यांनी तो वाचावा असे सुचविले. याच सुमारास धर्मांतरामुळे टीकेचे लक्ष्य झालेल्या पंडिता रमाबाईंची बाजूही फुल्यांनी घेतली होती.

उत्तरायुष्य

'स्त्री-पुरुष तुलना' नंतर ताराबाईंचे दुसरे पुस्तक प्रसिद्ध झाले नाही. पहिल्या ग्रंथाच्या अखेरीपर्यंत टिकलेला आवेश पाहता हे मौन वाचकाला खटकते. नात्यांचा माणसावर होणारा परिणाम ज्या लेखिकेने एवढ्या स्पष्टपणे मांडला, तिच्या लेखणीला तिच्या काळाने फुल्यांसारखे मोजके अपवाद वगळता आधार दिला नाही, ही मराठी वाङ्मयाच्या इतिहासातील एक उणीव आहे. ताराबाईंचे निधन इ.स. १९१० मध्ये झाले. तोपर्यंत वऱ्हाडचा कारभार इ.स. १९०३ पासून मध्य प्रांताला जोडला गेला होता.

पुनर्शोध

ताराबाईंच्या मृत्यूनंतर हा ग्रंथ जवळजवळ विस्मृतीत गेला. संशोधक स. गं. मालशे यांनी तो उजेडात आणून इ.स. १९७५ मध्ये पुन्हा प्रसिद्ध केला. ते वर्ष संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय महिला वर्ष म्हणून घोषित केले होते. पहिल्या प्रकाशनानंतर ९३ वर्षांनी हा निबंध नव्या वाचकांच्या हाती पडला. पुढे विलास खोले यांनीही त्याचे संपादन केले. सूझी थारू आणि के. ललिता यांनी इ.स. १९९१ मध्ये संपादित केलेल्या भारतीय स्त्रीलेखनाच्या संग्रहात त्यातील काही भाग इंग्रजीत आला. इतिहासकार रोझलिंड ओ'हॅनलन यांनी इ.स. १९९४ मध्ये संपूर्ण ग्रंथाचा विस्तृत प्रस्तावनेसह इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला. त्यामुळे बुलढाण्यातील या लेखिकेचे नाव मराठीबाहेरील अभ्यासकांपर्यंत पोहोचले.

महत्त्व

बुलढाणा जिल्ह्याची ओळख सिंदखेड राजा येथे जन्मलेल्या जिजाबाईंमुळे आणि लोणारच्या सरोवरामुळे सर्वदूर आहे. ताराबाई शिंदे यांनी याच भूमीतून वैचारिक लेखनाची वेगळी परंपरा सुरू केली. इतिहास, समाजशास्त्र आणि मराठी साहित्य या विषयांचे विद्यार्थी त्यांच्या ग्रंथाकडे निरनिराळ्या कारणांनी वळतात. इतिहासाच्या विद्यार्थ्याला त्यात एकोणिसाव्या शतकातील घराचा आतला भाग दिसतो. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला व्यक्तीचे वर्तन तिच्या नात्यांच्या संदर्भात तपासण्याची पद्धत आढळते. साहित्याच्या विद्यार्थ्याला बोलीच्या जोमाने लिहिलेले सुरुवातीचे मराठी गद्य वाचायला मिळते.

सुरतच्या न्यायालयात एका विधवेचा गुन्हा सिद्ध झाला, तेव्हा बहुतेकांनी त्या विधवेकडे बोट दाखविले. ताराबाईंनी तिच्याभोवती उभ्या असलेल्या माणसांकडे पाहिले. कुटुंबात आणि समाजात एखादी व्यक्ती का कोसळते, हे समजून घेताना ही दृष्टी आजही उपयोगी पडते.